संपादक नाहीत

प्रुफांचा गठ्ठा रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर आला तेव्हा ताईने आधी चहाचे कप उचलून ओट्यावर नेले, टेबल दोनदा पुसलं आणि मगच दोरी सोडली. तीस वर्षं पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासून निवृत्त झालेली बाई ती. कागदावर चहाचा थेंब पडला तरी तिला चटका बसल्यासारखं व्हायचं. आणि ही प्रुफं तर घरचीच. तिच्या वडिलांनी, तात्यांनी, सदतीस वर्षं चालवलेलं साप्ताहिक बंद पडून अकरा वर्षं झाली होती. आता कुठे ग्रंथालयाला जाग आली होती आणि त्यातल्या निवडक बातम्यांचं पुस्तक निघत होतं. निवड ताईची, टिपा ताईच्या, आणि उद्या सोमवारी दहाच्या आत पानं छापखान्यात पोचवायची जबाबदारीही तिचीच.

खाली, जिथे एके काळी छपाईयंत्र धडधडायचं, तिथे आता तिच्या भावाचं चष्म्याचं दुकान होतं. रविवारी ते बंद, म्हणून भाऊ वरतीच होता. वहिनी बटाटे सोलत होती. आणि खारू, त्यांची एकुलती एक, पहाटेच्या गाडीने विद्यापीठातून आलेली, अजून अंगावरचं जाकीट न काढता खुर्चीत बसून होती. लहानपणी दिसेल त्या माणसाला प्रश्न विचारून कुरतडत बसायची म्हणून तात्यांनीच तिचं नाव खारू पाडलं होतं.

"पहिल्या पानावर कुठली बातमी घेतलीस, आत्या?"

"हे विचारायचं? पंपघराची."

गावात पन्नाशीच्या वरच्या कुणालाही ती बातमी पाठ होती. एक्केचाळीस वर्षांपूर्वी टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडाच राहिला आणि पहाटे खालच्या वस्तीत ऐंशी घरांत पाणी शिरलं. जीव कुणाचा गेला नाही. पण अंथरुणं, धान्य, पोरांची पुस्तकं, सगळं गेलं. 'पाणी घरात, पहारा झोपेत' असा मथळा तात्यांनी दिला होता. पंपचालक कामावर झोपला होता, असं बातमीत साफ म्हटलं होतं. महिन्याभरात त्याची नोकरी गेली आणि साप्ताहिकाचा खप दुप्पट झाला.

"ती तशी छापता येणार नाही," खारू म्हणाली.

ताईला वाटलं, पोरगी मांडणीबद्दल बोलतेय. "का? अक्षर बारीक वाटतंय?"

"बातमी चुकीची आहे, आत्या. तो माणूस झोपला नव्हता."

वहिनीच्या हातातली सुरी थांबली. भाऊने वर पाहिलं. गॅलरीत तात्या आरामखुर्चीत पेपर वाचत होते. दार उघडंच होतं, पण त्यांना अलीकडे कमी ऐकू येतं असं घरात सगळे धरून चालले होते.

मग खारूने सांगितलं. पत्रकारिता विभागात दुसऱ्या वर्षाला एक तास असा होता, ज्यात सर जुन्या बातम्यांची कात्रणं वाटायचे आणि बातमी कशी बांधावी ते दाखवायचे. त्यात एक दिवस हीच बातमी आली. सहा परिच्छेद, एक शब्द जास्तीचा नाही. खारूने अभिमानाने हात वर केला, 'ही माझ्या आजोबांची.' सर म्हणाले, वा, मग तुझा वर्षाचा प्रकल्प ठरला. हीच बातमी तू पुन्हा तपास. आज लिहायची असती तर कशी लिहिली असतीस ते दाखव.

"मला वाटलं, सोपं काम. शेवटी तात्यांचं कौतुकच लिहायचं." तिने पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली. "पाणीपुरवठा कचेरीच्या दप्तरखान्यात तीन दिवस बसले. तिथे फोनची नोंदवही मिळाली. चार वाजून दहा मिनिटं, पंपघरातून इंजिनिअरच्या घरी फोन. 'व्हॉल्व्ह अडकला, पाणी बंद करायला वरच्या गेटची किल्ली पाठवा.' उचलला नाही. चार पस्तीस, पुन्हा फोन. उत्तर, 'सकाळी बघू.' फोन जोडून देणाऱ्या बाई अजून आहेत. त्या म्हणाल्या, तो माणूस रडकुंडीला आला होता."

खाली रस्त्यावर एक सायकल घंटी वाजवत गेली.

"प्रकल्प बदल," ताई म्हणाली.

खारू तिच्याकडे बघतच राहिली. बघणारच. दोन वर्षांपूर्वी याच टेबलाशी रणकंदन झालं होतं, तेव्हा तिच्या बाजूने उभी राहिलेली एकटी ताईच. भाऊ म्हणत होता, दुकान आहे, डोळे तपासायचा कोर्स कर, बातम्या वाचायला विद्यापीठ कशाला लागतं? तात्या म्हणत होते, पत्रकारिता वर्गात शिकवता येत नाही, चपला झिजल्या की येते. प्रवेशाचा फॉर्म ताईने भरला, परीक्षेला सोबत ताई गेली, वसतिगृहाच्या खिडकीला पडदा ताईने शिवला.

"बदल म्हणजे?"

"म्हणजे दुसरा विषय घे. जगात बातम्या थोड्या का आहेत? तात्या चौऱ्याऐंशीचे आहेत, खारू. हे पुस्तक त्यांच्या हातात एकदा पडू दे. मग काय ती उकराउकर कर."

"आणि पुस्तकात खोटं छापून?"

"खोटं नाही. जे छापलं होतं ते छापतोय आपण."

"का बदलेल ती?" भाऊ अचानक म्हणाला. ताईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. हा तोच माणूस, जो लेकीला दर सुट्टीत 'काय वार्ताहर, आज काय खबर?' म्हणून टोमणे मारायचा. "दोन वर्षं तिला तिकडे ठेवलंय ते कशासाठी? माझ्याकडे कुणी आलं आणि मी पूर्वी दिलेला नंबर चुकला होता असं कळलं, तर मी काय म्हणू? गिऱ्हाईक म्हातारं आहे, राहू द्या?"

"चष्मा आणि हे एक नाही, धाकट्या."

"मला तर एकच दिसतंय."

"तुला छापखान्याचं कधी प्रेम नव्हतं. तुला काय जातंय बोलायला!"

"प्रेम नव्हतं, खरंय. शाईचा वास आला की माझं डोकं दुखायचं," भाऊ शांतपणे म्हणाला. "पण पोरीने तीन दिवस धूळ खाल्लीय. मी तिला गप्प बस म्हणणार नाही."

खारूने बापाकडे असं पाहिलं, जसं एखाद्या अनोळखी माणसाने गर्दीत उठून आपल्याला जागा द्यावी. ताईला भावाचा राग आला होता, पण त्याहून खोलवर दुसरंच काही हललं होतं, आणि ते तिला वर येऊ द्यायचं नव्हतं.

"कागद इकडे आण," गॅलरीतून आवाज आला.

कमी ऐकू येतं असं धरून चालणारे चौघेही खजील झाले.

तात्यांना आत आणून खुर्चीत बसवलं. त्यांनी भिंग मागितलं, तांबडी पेन्सिल मागितली. खारूचे नऊ कागद त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. पाऊण तास गेला. वहिनीने भाजी चढवली, उतरवली. तिसऱ्या पानावर त्यांनी 'अत्यंत' खोडलं. पाचव्या पानावर 'धक्कादायक' खोडलं. शेवटचं पान पालथं घालून ते म्हणाले, "माझी बाजू कुठे आहे?"

"अं?"

"ज्याच्यावर ठपका ठेवतेस त्याला विचारायला हवं. विद्यापीठात शिकवत नाहीत?"

"पहिल्याच महिन्यात शिकवतात." खारूचे कान लाल झाले. "तुम्हाला विचारायचा धीर झाला नाही, तात्या."

"मग हा निबंध झाला, बातमी नाही. विचार आता."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"सगळे जेवायला थांबलेच आहेत."

खारूने जाकीट काढलं. फोन टेबलावर उताणा ठेवून आवाज टिपायचं बटण दाबलं, वही उघडली, आणि ताईच्या लक्षात आलं की पोरगी आता नात म्हणून बसलेली नाही. पाठ सरळ झाली होती. आवाजही वेगळा, सपाट आणि सभ्य.

"पंपचालक झोपला होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"इंजिनिअरने. त्याच्या कचेरीत."

"आणखी कुणी?"

"त्याच्या कारकुनाने दुजोरा दिला."

"म्हणजे दोघं एकाच टेबलावरचे."

तात्यांनी क्षणभर डोळे मिटले. "हो. दोघं धरले होते मी. खरं तर एकच."

"पंपचालकाला भेटलात?"

"गेलो होतो. घराला कुलूप होतं. घरात पाणी शिरलेलं, ते नातेवाइकांकडे गेले असणार. शुक्रवारी अंक निघायचा. पुन्हा गेलो नाही."

"त्याचंही घर खालच्या वस्तीतच होतं?"

"हो."

"हे बातमीत नाही."

"नाही," तात्या म्हणाले. "ते घातलं असतं तर वाचणाऱ्याला शंका आली असती. स्वतःचं घर बुडताना कोण झोपेल?"

वहिनी शाळेत विज्ञान शिकवायची. हातातला टॉवेल पिळत ती दारात उभी होती. ती तिथेच खाली बसली.

"बातमी आल्यावर तो कधी तुमच्याकडे आला? तक्रार, पत्र, काही?"

"नाही," तात्या म्हणाले. "त्याचंच मला बळ वाटायचं. पुढे इंजिनिअरची बदली झाली, तेव्हा काहीबाही कानावर आलं होतं. पण मी मनाशी म्हणायचो, माणूस खरा असता तर एकदा तरी दारात येऊन भांडला असता."

"आला होता," ताई म्हणाली.

बोलल्यावर तिला कळलं की आपण बोललो. चौघांची तोंडं तिच्याकडे वळली. तिने समोरची प्रुफं नीट केली, कडा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या.

"मंगळवारी आला होता. संध्याकाळी. मी पंधरा वर्षांची होते. पुढच्या खोलीत अंकांवर पत्ते चिकटवत बसले होते. आत तुमच्याकडे माणसं होती, सगळे वाहवा करत होते, हसण्याचे आवाज बाहेर येत होते. तो दारात उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. संपादक आहेत का, म्हणाला. मी विचारलं, काय काम? तो म्हणाला, मी पंपघरावरचा. मी म्हणाले, संपादक नाहीत. आतून तुमचं हसू ऐकू येत होतं, तात्या. त्यालाही येत होतं. त्याने एक पाकीट दिलं. आल्यावर द्या, म्हणाला. मला अहो-जाहो केलं त्याने. मी ते दिलं नाही. रद्दीत घातलं."

"का?" हे खारूने विचारलं, त्याच सपाट आवाजात.

"आत इतक्या दिवसांनी हसण्याचा आवाज होता गं. अंक बंद करायची वेळ आली होती त्या वर्षी. मला वाटलं, हा माणूस सगळ्यावर पाणी ओतेल."

तात्यांनी टेबलावरून हात पुढे केला आणि लेकीच्या मनगटावर ठेवला. हातातली पेन्सिल काढायला ते विसरले होते. ताईच्या कातडीवर तांबडी रेघ उमटली.

"म्हणजे तात्यांना पत्र मिळालंच नाही," भाऊ म्हणाला. "मिळालं असतं तर त्यांनी छापलं असतं."

"असं आज म्हणायला काय लागतं?" तात्या म्हणाले. "मी छापलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. पंधरा वर्षांच्या पोरीला आतून जे ऐकू आलं, त्यावरून तिने ठरवलं की या घराला काय नकोय. ते काही तिने मनाने रचलं नव्हतं. माझा जबाब संपव, खारू. लिही, की कुलूप दिसल्यावर मी पुन्हा गेलो नाही. एक्केचाळीस वर्षांत एकदाही नाही. घर पंधरा मिनिटांवर होतं."

खारूने लिहिलं. मग वहीवरून डोळे वर केले. आता ती पुन्हा नात आणि भाची झाली होती, आणि ते तिला जड जात होतं. "आत्या, हे मला प्रकल्पात लिहावं लागेल. तुझंही."

"लिही."

"सर वाचतील. विभागाच्या अंकात छापतील. सगळ्यांना कळेल."

"लिही म्हटलं ना! आणि 'एका नातेवाईक महिलेने' असलं काही लिहू नकोस. आत्याने, असंच लिही."

जेवणं झाली. कुणाला फारशी भूक नव्हती, तरी पानं रिकामी झाली. ताई एकदम हलकी झाली होती असं नाही. ताटं उचलायच्या आधीच तात्या म्हणाले, "बातमी पहिल्या पानावरच राहू दे. तिच्या समोरच्या पानावर दुरुस्ती घालू. घे लिहून. 'सदर वृत्तातील काही तपशिलांबाबत कालांतराने वेगळी माहिती समोर आल्याचे...'"

"तात्या, या वाक्यात कर्ता कुठे आहे?" वहिनी म्हणाली.

भाऊला खुदकन हसू आलं. तात्यांनाही.

"पुन्हा घ्या," खारू म्हणाली.

चार वेळा घेतलं. तात्या सांगत, खारू खोडत. त्यांनी 'दुर्दैवाने' घातलं, तिने काढलं. त्यांनी 'अनवधानाने' घातलं, तिने पेन खाली ठेवून नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. शेवटी सहा वाक्यं उरली. ताईने ती आपल्या गोल, सुवाच्य अक्षरात कोऱ्या कागदावर उतरवली. ही बातमी चुकीची होती. पंपचालक त्या रात्री जागे होते आणि त्यांनी दोनदा फोन करून किल्ली मागितली. ती त्यांना मिळाली नाही. आम्ही त्यांना न विचारता बातमी छापली. त्यांनी आणून दिलेलं पत्र आम्ही छापलं नाही. चूक आमची आहे.

"'पंपचालक' काढ," तात्या म्हणाले. "नाव घाल. तेव्हा नाव छापलं नाही, तर केवढा सभ्यपणा केला असं वाटलं होतं मला. गावात पंपचालक होता एकच." आणि त्यांनी नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, आठवायला जराही न थांबता, जणू रोज घेत असावेत.

"ते आता नाहीत, पण छापायच्या आधी हे त्यांच्या मुलीला दाखवायला हवं," खारू म्हणाली. "त्या मला एकदा भेटल्या. फार काही बोलल्या नाहीत."

"छापायच्या आधी मजकूर कुणाला दाखवत नसतात," तात्या म्हणाले.

"बातमी दाखवत नाहीत. दुरुस्ती दाखवायला हरकत नाही. दुसऱ्या वर्षाला आहे आम्हाला."

तात्यांनी मान हलवली आणि दुपारची झोप घ्यायला ते उठले. दाराशी थांबून म्हणाले, "त्यांना विचार, मला भेटतील का. नाही म्हणाल्या तर आग्रह करू नकोस."

खारू एकटीच निघाली होती. चपला घालताना तिने पाहिलं, तर आत्या पर्स घेऊन मागे उभी.

पंपचालकाची मुलगी शिलाई मशीन दुरुस्त करायची. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला मशीनची मुंडकी ओळीने लावलेली, तेलाचा वास, आणि दोरे गुंडाळलेल्या बॉबिन्सनी भरलेली बरणी. रविवार असूनही ती कामात होती. साठीची, बारीक केस कापलेली, कपाळावर छोटा दिवा बांधलेला. खारूला तिने ओळखलं. कागद घेतला, दिवा न काढताच वाचला. उजेडाचा गोल ओळीमागून ओळ सरकत गेला, आणि शेवटी पोचून पुन्हा वर आला.

"नाव बरोबर आहे," ती म्हणाली. "छापा." आणि जरा वेळाने, "माझ्या आईने बघायला हवं होतं. असो."

खारूने विचारलं, तात्या भेटायला येऊ का म्हणताहेत.

"ते नको," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. दुकानात आलेल्या माणसाला हा भाग मिळत नाही असं सांगावं, तसं. कागद परत करता करता तिचं बोट पाचव्या वाक्यावर थांबलं. "हे कुठलं पत्र?"

"तुम्हाला माहीत नव्हतं?" ताई म्हणाली.

"वडील कधी कुणाशी भांडले नाहीत. नोकरी गेली, दुसऱ्या गावी गोदामावर राहिले, तिथेच गेले. आम्ही विचारायचो, तुम्ही काहीच का नाही बोललात? ते नुसते बघायचे. मला तर..." ती थांबली. "मला कधी कधी वाटायचं, झोपलेही असतील."

ताईला बसायला जागा दिसेना, म्हणून ती उभीच राहिली. "ते आले होते. मी होते दारात. पत्र मीच घेतलं, आणि मीच दिलं नाही. हे सांगायलाच आले मी." तिने श्वास घेतला. "पण रद्दीत टाकायच्या आधी मी ते वाचलं होतं. घरी हे सांगितलं नाही. एक पान होतं, निळ्या शाईत. वर लिहिलं होतं, मी जागा होतो. मग दोन्ही फोनच्या वेळा. मग लिहिलं होतं, किल्ली मिळेना म्हणून मी पान्याने गेट उघडायचा प्रयत्न केला, माझा उजवा हात अजून सुजलेला आहे, म्हणून अक्षर वाईट आलं आहे, माफ करा."

कपाळावरचा दिवा सरळ ताईच्या तोंडावर पडत होता. पंपचालकाच्या मुलीने तो बंद केला, डोक्यावरून काढला आणि टेबलावर ठेवला. सुटे भाग मांडलेलं एक स्टूल तिने दोन्ही हातांनी रिकामं केलं, फडक्याने पुसलं, आणि ताईकडे सरकवलं.

"बसा," ती म्हणाली. "दारात आले, तिथपासून सांगा."